नारकोंडमचा धनेश: तीनशे की हजार, आणि खरा धोका कशाचा?

नागपुरातल्या एका शाळेचं निसर्ग मंडळ चालवणाऱ्या शिक्षकांचा प्रश्न असा: "सेमिनरी हिल्सवर आणि महाराजबागेत मुलांना राखी धनेश पक्षी दाखवतो. आता मुलं अंदमानातल्या नारकोंडम बेटावरच्या धनेशाबद्दल विचारू लागली आहेत. त्याची संख्या कुठे ३०० लिहिलेली असते, कुठे १०००. खरं काय? त्याला नेमका धोका कशाचा? बेटावर जाता येतं का? आणि नागपुरात राहून मुलांनी करावं असं काही काम यात आहे का?"

आधी जाण्याचं. नारकोंडम १९७७ पासून अभयारण्य आहे आणि पर्यटकांना तिथे उतरता येत नाही. बेटावर १९६९ पासून पोलिसांची चौकी आहे, दीपस्तंभ आहे. संशोधक जातात तेही अंदमान-निकोबार वन विभागाची परवानगी काढून. अंदमानच्या सहलीत कुणी "बोटीने नेऊन आणतो" म्हणालं तरी होकार देऊ नका. या बेटाला सगळ्यात मोठा धोका कुऱ्हाडीचा किंवा बंदुकीचा नाही, बोटीतून काय उतरतं याचा आहे. पुढचं सगळं उत्तर याच एका गोष्टीभोवती आहे.

बेट किती लहान आहे ते मुलांना आधी डोळ्यांसमोर आणू द्या. क्षेत्रफळ ६.८ चौरस किलोमीटर. आपल्या गोरेवाडा प्राणिउद्यानाच्या सबंध प्रकल्पाची जागा १,९१४ हेक्टर, म्हणजे १९ चौरस किलोमीटरच्या वर. तिच्या जेमतेम एक तृतीयांश जागेत एक अख्खी पक्षीजात जगते, आणि पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाही. हा समुद्रातून सरळ वर आलेला ज्वालामुखीचा डोंगर आहे, शिखर ७१० मीटर उंच. उत्तर अंदमानातलं डिगलीपूर साधारण १३५ किलोमीटर पश्चिमेला. अंतर नागपूर-अमरावतीपेक्षा थोडं कमीच, पण मधे टेकायला एक फांदी नाही. नाव 'नरककुंडम्'वरून आलं असं सांगतात. गंमत म्हणजे हा ज्वालामुखी शांत आहे आणि धूर-राख ओकणारं बॅरन बेट दक्षिणेला सुमारे १३५ किलोमीटरवर आहे, त्यामुळे नाव मुळात बॅरनचं असावं आणि नकाशावर अदलाबदल झाली असावी, असाही तर्क केला जातो.

विदर्भातल्या मुलांना वाघाचं उदाहरण लगेच कळतं. ताडोबातला तरुण वाघ जागा कमी पडली की चालत उमरेड-कऱ्हांडल्याकडे येतो, पेंचमधल्या महामार्गाखालून प्राण्यांना जाता यावं म्हणून भुयारी मार्ग बांधले आहेत. आपल्याकडचं निम्मं संवर्धन असं जोडणीचं आहे. नारकोंडमला जोडायला दुसरं जंगलच नाही. अंदमान-निकोबारच्या बाकी कुठल्याही बेटावर धनेश नाही, एकाही जातीचा नाही. त्यामुळे इथलं काम उलट्या दिशेचं आहे: जोडायचं नाही, तोडलेलंच ठेवायचं.

पक्षी दिसतो कसा? लांबी साठ-पासष्ट सेंटिमीटर, म्हणजे आपल्या राखी धनेशाच्या आसपास, पण अंगाने बराच भरदार; वजन पाऊण किलोपर्यंत. अंग काळं, त्यावर हिरवट झाक, शेपटी पांढरीशुभ्र. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादीची काळी. गळ्याशी निळसर पांढरी पिशवी, डोळ्याभोवती निळी उघडी कातडी. शास्त्रीय नाव ऱ्हायटिसेरॉस नारकोंडामी. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्याच ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. नर-मादी अशी लांबून ओळखता येणं ही मोजणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. का, ते आता संख्येकडे वळलो की कळेल.

तीनशे आणि हजार हे दोन्ही आकडे खऱ्या कामातून आले आहेत. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज सुमारे ४०० चा. पक्षीशास्त्रज्ञ रवी शंकरन यांचा १९९८ चा अंदाज २९५ ते ३२०. मग २०१९-२० च्या हिवाळ्यात नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या रोहित नानिवडेकर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून दर चौरस किलोमीटरला १५१ पक्षी अशी घनता आली. तिला ६.८ ने गुणलं की १,०२६ हा आकडा मिळतो. जगात कुठल्याही धनेशाची एवढी दाटी दुसरीकडे नोंदलेली नाही. पण याचा अर्थ वीस वर्षांत पक्षी तिप्पट झाले असा कृपा करून मुलांना सांगू नका. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, आणि वेगळ्या पद्धतींचे आकडे एकाच आलेखावर मांडले की चढही खोटा दिसतो आणि उतारही.

पद्धत समजून घ्या, कारण तीच मुलांना शिकवता येण्यासारखी आहे. ठरलेल्या रेषेवरून सावकाश, तासाला एखादा किलोमीटर या वेगाने चालायचं. पक्षी दिसला की तो रेषेपासून काटकोनात किती मीटरवर आहे ते नोंदायचं. जवळचे जवळपास सगळे दिसतात, लांबचे निसटतात. किती निसटले याचा अंदाज त्या अंतरांच्या उतरत्या रांगेवरूनच बांधता येतो. त्यासाठी किमान साठ-ऐंशी नोंदी लागतात. त्याहून कमी असतील तर गणित होतं, पण त्यावर विसंबू नये.

बेटावर ही पद्धत चार ठिकाणी फसू शकते. एक, उडणारा पक्षी. धनेश सतत एका झाडावरून दुसऱ्यावर जात असतो. चालताना डोक्यावरून गेलेला प्रत्येक पक्षी मोजला तर घनता फुगते. म्हणून बसलेले आणि उडते यांच्या नोंदी वेगळ्या ठेवतात. दोन, पिकलेला वड. फळांनी लगडलेल्या एका झाडावर पाचपन्नास धनेश जमतात. नेमकी रेषा तिथून गेली तर सबंध बेट भरलेलं वाटतं, नाही गेली तर रिकामं. तीन, पायवाट. इतक्या उभ्या डोंगरात सरळ रेषा आखताच येत नाही, माणूस धारेने चालतो, आणि धारेवरचं जंगल दरीतल्यासारखं नसतं.

चौथी चूक सगळ्यात घातक. फेब्रुवारी ते एप्रिल-मे हा विणीचा काळ. त्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन आत बसते आणि नर फटीतून तिला भरवतो. या काळात मोजणी केली तर निम्मी बिऱ्हाडं भिंतीआड असतात. दिसतात ते मुख्यतः नर. म्हणून वर म्हटलं की नर-मादी वेगळे ओळखता येणं मोलाचं आहे: नोंदींत नर बरेच जास्त आले तर समजायचं की माद्या ढोलीत गेल्या आहेत, आणि आकडा त्या हिशेबाने वाचायचा. कुठल्याही अंदाजाशेजारी महिना लिहिलेला नसेल तर तो अंदाज अर्धवट आहे.

आता मुलं विचारतील, एवढ्याशा जागेत हजार धनेश खातात काय? वडवर्गीय झाडांची फळं. वड, पिंपळ, उंबर ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या झाडांची नारकोंडमवर विलक्षण दाटी आहे. या घराण्याचं वैशिष्ट्य असं की सगळी झाडं एकाच हंगामात पिकत नाहीत. एक आज, दुसरं महिन्याने. त्यामुळे बेटावर बाराही महिने कुठे ना कुठे ताट वाढलेलं असतं. यामागे एक बारीकसा कीटक आहे. वडाच्या फळाच्या आत फुलं असतात आणि त्यांचं परागीभवन करणारी चिमुकली गांधीलमाशी साधारणपणे प्रत्येक जातीची आपापली ठरलेली असते. फळातून बाहेर पडलेली माशी एक-दोन दिवस जगते. तेवढ्यात तिला त्याच जातीचं, नेमक्या अवस्थेतलं दुसरं झाड सापडलं पाहिजे. झाडं एका मर्यादेखाली गेली की दोन झाडांच्या वेळा जुळेनाशा होतात, माशी संपते, मग उभी असलेली झाडंही फळं धरत नाहीत. म्हणजे पाच वड तोडले तर पाच वडांचंच नुकसान होतं असं नाही, उरलेल्यांचं वेळापत्रकही कोलमडू शकतं.

धनेश या फळांची परतफेड करतो. मुख्य भूमीवरच्या जंगलात मोठ्या बिया गिळून लांब नेऊन टाकणारे पक्षी आणि प्राणी पुष्कळ असतात. नारकोंडमवर फळं खाणारे मोजके: धनेश, हिरवा मोठा कबुतरवर्गीय पक्षी, कोकीळ, डोंगरी मैना, वटवाघळं. कोकिळेला किंवा मैनेला जेवढं फळ गिळता येतं त्याहून मोठ्या बियांच्या झाडांचा भार बहुतांश धनेशावर पडतो. धनेश नसेल तर जंगल लगेच मरणार नाही. पण मोठ्या बियांची पिलावळ आईच्याच सावलीत पडून कुजेल, आणि शंभर वर्षांनी जंगल वेगळं झालेलं असेल. किनाऱ्यालगतच्या पट्ट्यात देशी बदाम आहे, 'समुद्री मोह' म्हणतात ते झाड आहे. आपल्या मोहाच्याच कुळातलं, तेव्हा विदर्भातल्या मुलांना हे नातं जरूर सांगा.

बेटाची दुसरी ठेव कुणी फारशी सांगत नाही. २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नारकोंडमवरून चिचुंद्रीची एक नवी जात जाहीर केली, क्रॉसिड्युरा नारकोंडामिका. तीही फक्त याच बेटावर. पानांच्या थराखाली किडे टिपणारी. हिला लक्षात ठेवा. धोक्यांच्या हिशेबात हीच सगळ्यात अवघड गाठ मारते.

आता धोके. झालेल्या चुकीपासून सुरुवात करू, कारण ती चांगली तपासून पाहता येते. १९७६ मध्ये चौकीतल्या माणसांना मांस मिळावं म्हणून बेटावर शेळ्या सोडल्या. शिकारी प्राणी नाही, चारा अमाप. कळप वाढून शेकड्यांत गेला. शेळी मोठ्या झाडाला हात लावत नाही, म्हणून जंगल वरून हिरवंगारच दिसत राहतं. ती खाते कोंब आणि गुडघाभर रोपं. अशा जंगलात आजी-आजोबा असतात, पोरं नसतात. पुढे शेळ्या हटवल्या आणि रोपं पुन्हा वर येऊ लागली. तरी मधल्या काळातली झाडांची एक पिढी कमी पडलेली आहे, आणि तिचा हिशेब आज चुकता होत नाही. धनेशाला ढोली लागते ती जाड, म्हाताऱ्या, कुठेतरी कुजू लागलेल्या झाडात. आज रोप नाही याचा अर्थ शे-दीडशे वर्षांनी ढोली नाही. इतक्या दाट वस्तीत आजही ढोल्यांसाठी चढाओढ असणार, आणि जोडी कितीही धडधाकट असली तरी ढोलीशिवाय अंडं घालता येत नाही.

कुठल्याही बेटावरून शेळ्या काढताना काम शेवटी अडतं. पहिल्या नव्वद टक्के पटकन हाती लागतात. उरलेल्या माणसाला ओळखायला लागतात, कड्यांवर जातात. त्यासाठी एका शेळीच्या गळ्यात रेडिओ पट्टा बांधून सोडतात. शेळी एकटी राहत नाही, ती उरलेल्या कळपाला शोधून काढते आणि मागोमाग माणसं पोहोचतात. दोन माद्या आणि एक बोकड मागे राहिले तर सगळा खर्च पाण्यात.

उंदरांचं गणित याहून कठीण. काळा उंदीर झाडावर खारीसारखा चढतो, ढोलीत शिरतो, अंडी-पिल्लं खातो, बिया कुरतडतो. तो येतो धान्याच्या पोत्यांतून, बोटीच्या तळातून. एक गाभण मादी पुरते. यावर "विष टाकून संपवा" हे उत्तर समशीतोष्ण भागातल्या बेटांवर चांगलं चाललं आहे, उष्ण कटिबंधात ते जास्त वेळा हरतं. कारणं साधी आहेत. थंड बेटावर हिवाळ्यात उपासमार असते, उंदीर आमिषावर तुटून पडतो. उष्ण बेटावर फळं बारमाही, तेव्हा काही उंदीर आमिषाकडे ढुंकूनही बघत नाहीत. विण वर्षभर चालते, त्यामुळे बिळातली दूध पिणारी पिल्लं पहिल्या फेरीत वाचतात. आणि जमिनीवरचे खेकडे आमिष फस्त करतात. रक्त गोठू न देणारं हे विष खेकड्याला बाधत नाही, तो मजेत खात राहतो. प्रशांत महासागरातल्या पाल्मायरा बेटांवर २०११ मध्ये उंदीर संपवता आले, त्याच वर्षी त्याच महासागरातल्या हेंडरसन बेटावर थोडे वाचले आणि काही वर्षांत बेट पुन्हा भरलं.

नारकोंडमवर यात चिचुंद्रीची भर पडते. ती आमिष थेट खाईल न खाईल, पण आमिष खाल्लेले किडे ती नक्की खाईल. त्यामुळे विमानातून दाणे फेकण्याची कल्पना इथे मला मान्य नाही. उलट बाजूही तितकीच खरी: चिचुंद्रीचा शत्रूही उंदीरच. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातलं हिंदी महासागरातलं ख्रिसमस बेट पाहा. तिथे काळे उंदीर जहाजांतून उतरले, सोबत रोग घेऊन आले, आणि तिथल्या दोन मूळ उंदीरजाती विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच संपल्या. तिथलीही चिचुंद्री याच क्रॉसिड्युरा वंशातली. तिची शेवटची पक्की नोंद १९८५ ची. नारकोंडमच्या चिचुंद्रीबाबत कुठलंही पाऊल उचलण्याआधी ती बेटावर कुठे कुठे आहे याचा नकाशा हवा, आणि विष वापरायचंच झालं तर ते बंद पेटीत, खेकडा व चिचुंद्री पोहोचणार नाही अशा उंचीवर आणि फक्त वस्तीच्या पट्ट्यात.

ख्रिसमस बेटाचा दुसरा धडा मुंगीचा आहे. पिवळी लांब पायांची मुंगी तिथे पूर्वीच आलेली होती. १९८९ पासून तिच्या प्रचंड वसाहती दिसू लागल्या. झाडांचा रस पिणाऱ्या खवलेकिड्यांचा गोड स्राव तिला मिळाला आणि ती फोफावली. तिने कोट्यवधी लाल खेकडे मारले, खेकडे गेले तसा जंगलाचा तळच बदलला. अशी मुंगी रेतीच्या ढिगातून, कुंडीतल्या मातीतून येते. रेती-गिट्टी कुणी जीव म्हणून तपासत नाही, चूक तिथेच होते.

म्हणूनच रडारचा वाद मला नेहमी चुकीच्या टोकाने मांडलेला वाटतो. तटरक्षक दलाने नारकोंडमवर टेहळणीसाठी रडार आणि त्याला वीज द्यायला डिझेल जनित्र बसवण्याचा प्रस्ताव दिला. राष्ट्रीय वन्यजीव मंडळासाठी पाहणी करून पक्षीशास्त्रज्ञ असद रहमानी यांनी विरोधात मत दिलं, आणि २०१२ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने प्रस्ताव नाकारला. २०१४ मध्ये, प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना, त्याला मंजुरी मिळाली. चर्चा "देशाची सुरक्षा की पक्षी" अशी रंगवली गेली. सुरक्षेची गरज खोटी नाही. म्यानमारची कोको बेटं इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहेत, आणि नारकोंडमवरचा दावा ब्रह्मदेशाने सोडला तो १९८६ च्या सागरी सीमा करारात. पण धनेशाला रडारच्या खांबाने फार बिघडत नाही. बिघडवतात त्या खांबामागून येणाऱ्या गोष्टी: किनाऱ्यापासून वर जाणारा रस्ता, रस्त्याच्या दोन्ही कडांनी घुसणारं तण, उतारावर सुटणारी माती, रेती-सिमेंटच्या खेपा, डिझेलची पिंपं, कामगारांचा शिधा, सरपण. खेपा दहाऐवजी शंभर झाल्या की उंदीर-मुंगीची शक्यताही त्याच हिशेबाने वाढते. म्हणून विचारायचा प्रश्न हा: वर्षाला बोटीच्या खेपा किती, त्यांतून काय उतरणार, आणि ते कोण तपासणार? माणसांशिवाय चालणारी, सौर विजेवरची यंत्रणा, रस्ता न काढता हेलिकॉप्टरने पोचवलेली, हा मार्ग सुरक्षा आणि जंगल दोन्ही सांभाळतो.

तपासणी म्हणजे नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय हा मुद्दा हवेत राहील. बोट निघण्याआधी तिच्यात सापळे लावून दोन-तीन रात्री रिकाम्या गेल्या पाहिजेत. बांधायच्या दोरांवर पत्र्याच्या मोठ्या चकत्या, म्हणजे उंदीर दोरावरून चढत-उतरत नाही. बेटाशी बोट थेट बांधायची नाही, लांब नांगरून लहान होडीने सामान आणायचं. तांदूळ-डाळ गोणपाटात नाही, झाकण घट्ट बसणाऱ्या पिंपांत. आणि ती पिंपं उघडायची दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत. उघड्यावर पिंप उघडलं आणि उंदीर पळाला की उरतो तो पश्चात्ताप. पेंढा, माती, कुंड्या, रोपं अजिबात नाहीत. रेती लागलीच तर धुऊन, वाळवून, बंद पिशव्यांत. बूट ब्रशने घासून, शिवणीतल्या बिया काढून. कोंबड्या, शेळ्या, मांजर, कुत्रा काही नाही. कोंबडीतून पक्ष्यांचे रोग येतात, आणि हजार पक्षी एकाच बेटावर, एकाच वडावर जमत असतील तर साथ थांबवायला जागाच नाही. बेटावर मेणाचे ठोकळे शेंगदाण्याचा कूट घालून ठरावीक अंतरावर ठेवायचे आणि त्यावर दातांचे ठसे उमटतात का ते ठरल्या दिवशी पाहायचं. चौकीतला शिपाई हे काम उत्तम करू शकतो, त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी लागत नाही. लागतो तो शिध्यासोबत नियमित येणारा स्वयंपाकाचा गॅस, म्हणजे त्याला सरपणासाठी झाड पाहावं लागणार नाही.

वादळाचा धोका उरतोच, त्यावर तपासणी चालत नाही. मोठं चक्रीवादळ ढोल्यांची म्हातारी झाडं आधी पाडतं. म्हणून काही जण सुचवतात की थोडे धनेश दुसऱ्या बेटावर नेऊन सोडावेत. मी याच्या विरोधात आहे. अंदमानच्या दुसऱ्या बेटांवर धनेश कधी नव्हता, तिथल्या कबुतरांच्या आणि ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांच्या मांडणीत आपण नवा मोठा भिडू सोडू, आणि तो परत आणता येणार नाही.

आता नागपूर. मुलांनी नारकोंडमला जाऊ नये, पण नारकोंडमवर जे काम करतात तेच काम राखी धनेशावर इथे करता येतं, पायरी-पायरीने.

पहिलं, फळांची नोंदवही. शाळेपासून चालत जाता येईल अशा भागातली वड, पिंपळ, पिंपरी, उंबर मिळून २० झाडं निवडा. फळं असलेलीच झाडं निवडू नका, ही नेहमीची चूक; फळ नसलेलं झाडही तितकंच महत्त्वाचं. प्रत्येकाला क्रमांक द्या, दर पंधरा दिवसांनी त्याच विद्यार्थ्याने पाहायचं. दोन आकडे: झाडावर फळ किती, ० ते ४, त्यातलं पिकलेलं किती, ० ते ४. वर्षाअखेर प्रत्येक पंधरवड्यात किती झाडं पिकली होती हे मांडा. एप्रिल-मे महिन्यांत, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना आणि धनेशाची मादी ढोलीत असताना, नेमकी कुठली झाडं ताट वाढतात हे मुलांना स्वतःच्या वहीत दिसेल. बंगल्यांच्या कुंपणाची पिवळी कण्हेरही यादीत घ्या. तिचं फळ माणसाला विषारी, राखी धनेश मात्र खातो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही.

दुसरं, मोजणी. अंतरं मापण्याची पूर्ण पद्धत शाळेला जड जाईल, म्हणून ठरावीक रुंदीचा पट्टा घ्या: एक किलोमीटर चाल, दोन्ही बाजूंना ३० मीटर, म्हणजे ०.०६ चौरस किलोमीटर. समजा दहा सकाळी चालून बसलेले ९ धनेश मिळाले, तर ९ भागिले ०.६, म्हणजे चौरस किलोमीटरला १५. हा आकडा नारकोंडमच्या १५१ शेजारी फळ्यावर लिहा आणि मुलांनाच कारणं शोधू द्या. नोंदीत तारीख, वेळ, बसलेला की उडता, हे चुकता कामा नये. पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावू नका, आकडाही बिघडतो आणि विणीतला नरही.

तिसरं, ढोली. मार्चपासून एकच नर एकाच खोडाकडे पुन्हा पुन्हा जाताना दिसला की खाली पाहा: विष्ठेचा ओघळ आणि ओकलेल्या बियांचा सडा. किमान ३० मीटर लांब, सावलीत, शक्यतो आडोशाला बसून सकाळी ६ ते ९ या वेळेत नराच्या फेऱ्या मोजा. प्रत्येक फेरीची वेळ आणि त्याने किती फळं काढून दिली ते लिहा. तो घशातून एकेक फळ वर आणून फटीत देतो, त्यामुळे मोजता येतं. नर येऊन न भरवता परत गेला तर तुम्ही फार जवळ आहात, मागे सरका. दोन वेळा असं झालं तर त्या दिवसाचं काम बंद. बियांची ओळख नर निघून गेल्यावर, दोन मिनिटांत करून बाहेर यायचं. ढोलीचा फोटो आणि ठिकाण समाजमाध्यमावर टाकायचं नाही.

चौथं काम फेब्रुवारी संपण्याआधीचं. शहरात पावसाळ्यापूर्वीची छाटणी होते, आणि तिच्यात आधी जातात त्या वाळक्या, पोकळ फांद्या, म्हणजे नेमक्या ढोल्या. आदल्या वर्षी धनेश, पोपट, पिंगळा यांपैकी कुणीही वापरलेल्या प्रत्येक ढोलीची यादी करा: झाडाची जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, ढोलीची अंदाजे उंची आणि दिशा, जवळची खूण, फोटो. महाराष्ट्रात १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरातलं झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, तेव्हा यादी त्या अधिकाऱ्याच्या कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या, आणि एवढीच विनंती करा की या फांद्या धोकादायक नसतील तर जुलैपर्यंत ठेवाव्यात. धोकादायक असतील तर फांदी पूर्ण न काढता टोकाकडचं वजन कमी करून खोडालगतचा ढोलीचा भाग तसाच ठेवता येतो. छाटणी करणाऱ्या मंडळींना हे जागेवर दाखवायला एक मोठं माणूस त्या सकाळी झाडाखाली हजर असावं.